टॅबवरचा लांडगा आणि शेजारची आई

लंडनच्या नोझी क्रो या बालपुस्तकांच्या प्रकाशनसंस्थेनं २०११ मध्ये तीन डुकरांच्या जुन्या गोष्टीचं ॲप काढलं. गवताचं घर, काटक्यांचं घर, विटांचं घर आणि ती पाडायला टपलेला लांडगा, अशी ही सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट. नवं होतं ते इतकंच, की लांडग्याच्या फुंकरीनं घर उडवायचं असेल तर टॅब धरून बसलेल्या मुलानंही मायक्रोफोनवर फुंकर मारायची. मुलानं गाल फुगवून जोर लावला की गवताचं घर भुर्रकन उडायचं आणि डुक्कर धूम ठोकायचं.

मुलांना हे आवडणारच. अवघडायची ती शेजारी बसलेली आई. हा खेळ म्हणायचा की वाचन? मूल गोष्ट ऐकतंय की नुसतं फुंकतंय? शिवाय आज टॅबवर गोष्ट वाचली, तर उद्या झोपताना तोच टॅब मागितला जाणार, हेही तिला दिसत असतं. या अवघडलेपणाचा गेल्या पंधरा-वीस वर्षांत बराच पद्धतशीर अभ्यास झाला आहे. त्यात आईबापांच्या काही शंका खऱ्या ठरल्या, काही खोट्या. काही ठिकाणी तर अडचण पुस्तकात कमी आणि पुस्तकाशेजारी बसलेल्या मोठ्या माणसाच्या वागण्यात जास्त निघाली.

पुस्तकानं बोलावं, हलावं ही हौस टॅबच्या फार आधीची. खेळण्यांसाठी नावाजलेल्या झोनेबर्ग या जर्मन गावात १८८० च्या सुमारास थिओडोर ब्रँड यांनी बोलकं चित्रपुस्तक बनवलं होतं. पुस्तकाच्या कडेला लोंबणाऱ्या दोऱ्या ओढल्या की आत दडवलेल्या छोट्या भात्यांमधून गाय हंबरायची, कोंबडा आरवायचा, गाढव ओरडायचं. त्याच काळात म्युनिकचे लोथार मेगेनडॉर्फर एक पट्टी ओढली की चित्रातले दोन-चार अवयव एकदम हलतील अशी कागदी यंत्रं पुस्तकाच्या पानात बसवत होते. १९४० मध्ये अमेरिकेत डोरोथी कुनहार्ट यांचं 'पॅट द बनी' आलं. त्यातल्या सशाची लव मऊ लागते आणि बाबांच्या दाढीचे खुंट बोटाला खरखरीत लागतात. मुलानं पुस्तकाला हात लावायचा नाही, असा दंडक बालपुस्तकांच्या जगात कधी नव्हताच. २०१० मध्ये तर एर्वे त्युले या फ्रेंच चित्रकारानं उलटी गंमत केली. त्याच्या साध्या कागदी पुस्तकात एक पिवळा ठिपका आहे. तो दाबा, पान उलटा, आता दोन ठिपके! ना वीज, ना पडदा. तरी मुलं कागद मन लावून दाबत बसतात. टॅबवरच्या ॲपवाल्यांना शिकण्यासारखं या पुस्तकात बरंच होतं.

संगणकावरच्या गोष्टींना खरी लोकप्रियता मिळाली ती १९९२ मध्ये. अमेरिकेतल्या ब्रोडरबंड कंपनीनं 'लिव्हिंग बुक्स' नावाची सीडी-रॉम मालिका सुरू केली. पहिलं पुस्तक होतं मर्सर मेयर यांचं 'जस्ट ग्रँडमा अँड मी'. आजीबरोबर समुद्रावर निघालेल्या एका केसाळ पोराची ही गोष्ट. मालिकेमागचे कल्पक गृहस्थ मार्क श्लिक्टिंग यांनी सुरुवातीलाच दोन पर्याय ठेवले होते: 'मला वाचून दाखव' आणि 'मला खेळू दे'. पहिल्यात गोष्ट सरळ पुढे जायची. दुसऱ्यातसुद्धा प्रत्येक पान आधी पूर्ण वाचलं जायचं, वाचलेला शब्द पडद्यावर उजळायचा आणि मगच माउस मुलाच्या ताब्यात यायचा. त्यानंतर चित्रातल्या कशावरही क्लिक करा, काहीतरी गमतीदार घडे. आधी गोष्ट, मग खोड्या. हा क्रम किती शहाणपणाचा होता हे पुढे आलेल्या ॲपांच्या गर्दीकडे पाहिलं की कळतं.

ती गर्दी उसळली ३ एप्रिल २०१० नंतर, आयपॅड दुकानात आल्यावर. पहिल्याच महिन्यात 'ॲलिस फॉर द आयपॅड' आलं. टॅब तिरका केला की ॲलिस छताला टेकेल इतकी वाढायची. २०११ मध्ये विल्यम जॉइस यांच्या मूनबॉट स्टुडिओनं 'द फँटॅस्टिक फ्लाइंग बुक्स ऑफ मि. मॉरिस लेसमोर' आणलं. कागदी पुस्तकांवर जीव लावणाऱ्या माणसाची ही कहाणी. ती आधी लघुपट झाली, मग ॲप, मग लघुपटाला २०१२ चं ऑस्कर मिळालं आणि त्यानंतर कुठे ती कागदावर छापली गेली. यातला विनोद जॉइस यांच्या लक्षात आला नसेल असं वाटत नाही.

सगळेच मूनबॉट किंवा नोझी क्रो नव्हते. ॲपच्या दुकानात वेगळं दिसायचं तर जाहिरातीत सांगता येण्यासारखं काहीतरी लागतं. मग पानापानावर फुगे, फटाके, नाचणारी फुलपाखरं, जोडाजोडीचे खेळ आणि वर नाणी जमवायची सोय. गोष्टीत ससा आजारी असावा आणि कोपऱ्यातल्या ढगाला बोट लावलं की ढगानं ढेकर द्यावा! कीर्तन रंगात आलेलं असताना दर ओवीमागे कुणी प्रसादाचं ताट फिरवत राहावं, तसा हा प्रकार.

आईबापांनी या सगळ्याकडे कसं पाहिलं? ब्रिटनमध्ये 'बुकट्रस्ट' या वाचनविषयक संस्थेसाठी नतालिया कुचिरकोवा आणि कॅरन लिटलटन यांनी २०१६ मध्ये आठ वर्षांपर्यंतची मुलं असलेल्या सुमारे १५०० पालकांचं सर्वेक्षण केलं. पालकांचा कौल कागदी पुस्तकांच्या बाजूनं होता, विशेषतः रात्री झोपताना वाचायच्या गोष्टींसाठी. पडद्यासमोर फार वेळ जाईल, नको ते दिसेल, जाहिराती मध्ये येतील, मूल कागदी पुस्तकाला विटेल अशा त्यांच्या काळज्या होत्या. अमेरिकेत जोन गँझ कूनी सेंटरनं २०१२ मध्ये लहान मुलांच्या पालकांना विचारलं, तेव्हाही सूर तोच लागला. घरात आयपॅड असलेले पालकसुद्धा मुलाला जवळ घेऊन वाचायचं म्हटलं की कागदी पुस्तकच उघडत होते. ई-पुस्तक सोयीचं वाटायचं ते प्रवासात किंवा स्वतःला काम असताना. ('सेसमी स्ट्रीट' ही मुलांची मालिका उभी करणाऱ्या जोन गँझ कूनी यांच्या नावाचं हे केंद्र, म्हणजे पडद्याचा तिटकारा असलेल्या मंडळींचं नव्हे.)

इथेच खरी मेख आहे. पालकांच्या मनात दोन प्रकारच्या पुस्तकांची कामं आधीच वाटून झालेली असतात. कागदी पुस्तक मांडीवर बसून दोघांनी वाचायचं, ई-पुस्तक मुलाच्या हातात देऊन आपण पोळ्या लाटायच्या. पुस्तक स्वतःच वाचून दाखवतंय, तर आपण कशाला हवे, असा हिशेब असतो. नंतर टॅबवरची गोष्ट मुलाला धड सांगता आली नाही, तर दोष टॅबचा. मोठ्या माणसाशिवाय दिलेल्या कागदी पुस्तकानंही तीन वर्षांच्या पोराला फारसं काही शिकवलं नसतं, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

लहान मूल गोष्टीतून भाषा शिकतं ते वाचणाऱ्याशी होणाऱ्या गप्पांमधून. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये हे प्रयोगानं दाखवलं. अधलंमधलं थांबून 'हा कुठे चाललाय?', 'आता काय होईल?', 'आपण आजोळी गेलो तेव्हा असंच झालं होतं, आठवतं?' असं विचारणाऱ्या आणि मुलाच्या तोडक्या उत्तराला वाक्यात गुंफून परत देणाऱ्या पालकांच्या मुलांची भाषा महिन्याभरात इतरांच्या पुढे गेली. मूल म्हणतं, "कुत्ला!" आई म्हणते, "हो, मोठ्ठा काळा कुत्रा! भुकेला दिसतोय का रे?" एवढ्या देवाणघेवाणीत बरंच काम होऊन जातं.

टॅब मध्ये आला की या गप्पांचं काय होतं, हे पाहायला २०१९ मध्ये मिशिगन विद्यापीठात टिफनी मुन्झर, जेनी रडेस्की आणि सहकाऱ्यांनी ३७ पालक आणि त्यांची दोन ते तीन वर्षांची मुलं बोलावली. प्रत्येक जोडीनं तिन्ही प्रकार वाचले: कागदी पुस्तक, टॅबवरचं साधं पुस्तक आणि आवाज-हालचालींचं सजवलेलं पुस्तक. कॅमेरे चालू होते. कागदावर गोष्टीबद्दलच्या गप्पा सर्वांत जास्त झाल्या. टॅबवर त्या आटल्या आणि त्यांच्या जागी दुसरीच वाक्यं आली: ते बटण दाबू नको, थांब, आवाज कमी कर, पान असं सरकव. बोलणं चालूच होतं, फक्त ते ससा-कासवाबद्दल नव्हतं, यंत्राबद्दल होतं. बसण्याची तऱ्हाही बदलली. कागदी पुस्तक दोघं मिळून धरत. टॅब मात्र मूल आपल्याकडे ओढून घेई किंवा पाठ वळवून त्यावर असं वाकून बसे, की मागच्या माणसाला चित्र दिसणंच बंद व्हावं. मग टॅबवरून ओढाओढ. ज्यानं घरी हे पाहिलेलं नाही असा पालक विरळा.

याआधीही असंच निघालं होतं. कूनी सेंटरनं २०१२ मध्ये तीन ते सहा वर्षांची मुलं आणि त्यांचे पालक अशा ३२ जोड्यांचं वाचन तपासलं. साधं ई-पुस्तक कागदी पुस्तकाच्या जवळपास जात होतं. खेळ आणि करामतींनी भरलेलं पुस्तक वाचलेल्या मुलांना मात्र गोष्टीचे तपशील कमी आठवले. म्हणजे एकट्या पडद्याला गुन्हेगार म्हणता येत नाही. २०१३ मध्ये ज्युलिया पॅरिश-मॉरिस यांनी कॅथी हर्श-पासेक आणि रॉबर्टा गोलिंकॉफ यांच्यासह बटणं आणि आवाज असलेली पुस्तकं तपासली. तिथंही तीन वर्षांच्या मुलांना गोष्टीतला घटनाक्रम नीट लागला नाही आणि पालकांचा वेळ मुलाला आवरण्यात गेला.

इथवर वाचून कुणी आजी म्हणेल, "मी सांगत नव्हते?" पण टोरंटो विद्यापीठात गॅब्रिएल स्ट्राउस आणि पॅट्रिशिया गानिया यांनी दीड-दोन वर्षांच्या मुलांवर केलेल्या २०१७ च्या अभ्यासात चित्र वेगळं होतं. ही चिमुरडी ई-पुस्तकाकडे अधिक वेळ लक्ष देऊन पाहत होती, वाचताना अधिक सहभागी होत होती. ज्या वयात मूल कागदी पुस्तक चावतं किंवा दोन पानांत उठून पळतं, त्या वयात ही लहान गोष्ट नव्हे.

मग गोष्टीला मदत करणारी करामत कोणती आणि गोष्ट खाणारी कोणती? याचं सर्वांत नेमकं उत्तर नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठातून आलं. झोफिया टाकाच, एलिस स्वार्ट आणि आद्रियाना बुस यांनी २०१५ मध्ये ४३ अभ्यास आणि २,१४७ मुलं यांची एकत्रित छाननी केली. गोष्टीशी जुळणारी चित्रांची हालचाल, संगीत, आवाज यांचा फायदा दिसला. 'वादळ आलं' हे वाक्य ऐकू येतं त्याच क्षणी चित्रातलं झाड वाकू लागलं, तर मुलाला नवा शब्द आणि त्याचा अर्थ एकत्र मिळतो. डोळा नेमका तिथे जातो जिथे वाक्य चाललेलं असतं. बोट लावायच्या जागा, मधले खेळ, शब्दावर टिचकी मारली की उघडणारे अर्थ यांनी मात्र लक्ष विखुरलं. लहान मुलाची स्मरणाची ओंजळ छोटी. गोष्टीतून खेळात आणि खेळातून पुन्हा गोष्टीत उडी मारताना मागचं सांडून जातं. ज्या मुलांना आधीच भाषेत मागे पडण्याचा धोका होता, त्यांचं यात जास्त नुकसान झालं.

पुढे २०२१ मध्ये मे इरेन फुरेनेस, कुचिरकोवा आणि बुस यांनी आठ वर्षांपर्यंतच्या १,८१२ मुलांवरचे ३९ अभ्यास तपासले. कागद आणि पडदा यांवर सगळं सारखंच असेल, तर कागद सरस ठरला. पण गोष्टीचा धागा पक्का करणारी सजावट असली, तर ई-पुस्तकानं कागदाला मागे टाकलं. ई-पुस्तकातल्या शब्दकोशांबाबत गंमत अशी, की त्यांनी शब्द वाढवले, पण गोष्ट समजायला मदत केली नाही.

या कसोटीवर नोझी क्रोचा लांडगा पास होतो. मुलाची फुंकर ही गोष्टीतलीच फुंकर आहे, ती मारल्याशिवाय घर उडत नाही. ढेकर देणारा ढग नापास.

अर्थात हालचाल जितकी जास्त तितकं बरं, असंही नाही. सिनसिनाटीच्या मुलांच्या रुग्णालयातले डॉक्टर जॉन हटन यांनी २०१८ मध्ये चार वर्षांच्या आसपासच्या २७ मुलांना एमआरआय यंत्रात ठेवून तीन प्रकारे गोष्टी सांगितल्या: नुसत्या ऐकवून, स्थिर चित्रांसह आणि पूर्ण ॲनिमेशन करून. नुसतं ऐकताना मुलांना अर्थ लावायला धडपडावं लागलं. ॲनिमेशनमध्ये मेंदूचे भाषा, दृष्टी आणि कल्पनाचित्रं यांच्याशी निगडित भाग एकमेकांशी कमी जोडलेले दिसले आणि गोष्टीचं आकलनही सर्वांत कमी झालं. चित्र समोर आणि आवाज कानात, या मधल्या प्रकारात हे भाग उत्तम साथीनं काम करत होते. चित्रपुस्तक वाचून दाखवणारी कुठलीही आई हाच प्रकार रोज करत असते.

ॲपच्या पुस्तकांबाबत आणखी एक गाऱ्हाणं आहे आणि त्याची चर्चा कमी होते. ती मरतात. सप्टेंबर २०१७ मध्ये ॲपलनं आयओएस ११ आणली, तेव्हा ३२ बिटची जुनी ॲपं तिच्यावर उघडेनाशी झाली. ज्या निर्मात्यांना ती नव्यानं बांधणं परवडलं नाही, त्यांची पैसे मोजून घेतलेली पुस्तकं एका अपडेटसरशी गेली. थोरल्याचं पुस्तक धाकट्याला, मग मावसभावाला, ही आपल्याकडची पुस्तकाची वाटचाल इथे संपते. ई-पुस्तकावर पैसे खर्च करायला पालक का कचरतात, याचं एक कारण इथेही असावं.

भारतात हा विषय वेगळ्या वाटेनं आला. महागडा आयपॅड नव्हे, तर स्वस्त स्मार्टफोन. 'असर' या शिक्षणविषयक पाहणीनुसार ग्रामीण भागात शाळेत जाणारी मुलं असलेल्या ३६ टक्के घरांत २०१८ मध्ये स्मार्टफोन होता. २०२२ मध्ये हे प्रमाण ७४.८ टक्क्यांवर गेलं. करोनाकाळात शाळाच फोनमध्ये शिरली होती, त्याचा हा परिणाम. मराठी घरात आज 'गोष्ट लाव' म्हटलं की बहुतेक वेळा यूट्यूब सुरू होतं, म्हणजे हटन यांच्या प्रयोगातला तिसरा प्रकार, शिवाय जाहिरातींसह.

याला पर्याय आहेत. बंगळुरूच्या प्रथम बुक्सनं ८ सप्टेंबर २०१५ रोजी, साक्षरता दिनी, 'स्टोरीवीव्हर' सुरू केलं. खुल्या परवान्यातल्या, कुणीही वाचाव्या, उतरवून घ्याव्या, आपल्या भाषेत आणाव्या अशा चित्रगोष्टी; आज तिथे तीनशेहून अधिक भाषा आहेत आणि मराठीही आहे. या गोष्टींत बोट लावायच्या करामती नाहीत. चित्र, खाली दोन-चार ओळी, पुढचं पान. खर्च वाचवण्यासाठी का असेना, संशोधकांनी बरं म्हटलेलं साधं ई-पुस्तक इथे फुकट मिळतं. यातल्याच गोष्टी घेऊन गूगलनं मार्च २०१९ मध्ये 'बोलो' ॲप आणलं. पुढे त्याचं नाव 'रीड अलाँग' झालं आणि त्यात मराठीही आली. इथे काम उलटं आहे: मूल मोठ्यानं वाचतं आणि 'दिया' नावाची पडद्यावरची मुलगी ऐकते, अडलं तर शब्द सांगते. आई-वडील स्वतः वाचायला अडखळत असतील त्या घरात याची किंमत वेगळी. अशा घरातल्या आईला 'मुलाला जवळ घेऊन कागदी पुस्तक वाचा' हा सल्ला देणं सोपं असतं, पाळणं नव्हे.

दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा नको, दोन ते पाच वर्षांना दिवसाला तासाभराहून जास्त नको, असं जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना दोघीही सांगतात. भारतीय तज्ज्ञांनी व्हिडिओ कॉलला मात्र सूट दिली आहे आणि त्यामागे कारण आहे. २०१४ मध्ये सारा रोझबेरी, हर्श-पासेक आणि गोलिंकॉफ यांनी दाखवलं, की दोन-अडीच वर्षांची मुलं समोरासमोर जशी नवी क्रियापदं शिकतात तशीच व्हिडिओ कॉलवरूनही शिकतात. आधी चित्रित करून ठेवलेल्या व्हिडिओतून शिकत नाहीत. पलीकडचं माणूस उत्तर देतं, थांबतं, हसतं, हा फरक. न्यू जर्सीतल्या नातवाला पुण्याहून ज्योत्स्ना प्रकाशनाचं माधुरी पुरंदरे यांचं पुस्तक कॅमेऱ्यासमोर धरून वाचून दाखवणारी आजी या हिशेबात यूट्यूबच्या कितीतरी पुढे आहे, मग चित्राचा अर्धा भाग कायम चौकटीबाहेर का राहीना.

ई-पुस्तक बनवणाऱ्यांपैकी काहींनी हा धडा थेट पुस्तकात घातला. व्हँडरबिल्ट विद्यापीठात जॉर्जिन ट्रोसेथ आणि सहकाऱ्यांनी 'पेग + कॅट' या अमेरिकेतल्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवरच्या मालिकेतली एक गोष्ट घेतली आणि मालिकेतलाच रमोन हा माणूस पानाच्या कडेला बसवला. तो अधूनमधून गोष्टीबद्दल प्रश्न विचारतो, बोलायला विषय सुचवतो. मुलाला नादी लावून आईला मोकळं करण्याचा त्याचा इरादा नसतो. पुस्तकाबद्दल आपसांत कसं बोलायचं, हे तो दोघांनाही दाखवत असतो. हा प्रयोग कमी उत्पन्नाच्या कुटुंबांवर केला होता. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार रमोन असलेलं पुस्तक वाचणारे पालक आणि मुलं, तेच पुस्तक त्याच्याशिवाय वाचणाऱ्यांपेक्षा खूप जास्त बोलले. असं पुस्तक ॲपच्या दुकानात विकणं मात्र अवघड. तिथल्या जाहिरातीत 'पन्नास गमतीजमती' असं लिहिता येतं. 'आईला मध्ये बसावं लागेल' असं लिहिलेलं पुस्तक कोण उतरवून घेणार?